थोरलीची लाईन

गल्लीत बाबांना सगळे ‘मेन स्विच’ म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. पण म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. जन्मभर वायरमनचं काम करून त्यांनी निम्म्या गल्लीची घरं उजळली होती, आणि स्वतःच्या घरात तर त्यांनी हूं म्हटल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नसे. त्यांना दोन मुली. थोरली शाळेत गणित शिकवायची. बाबांच्या गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला तेव्हा धाकटीने त्यांची पक्कड उचलली, आणि तेव्हापासून धंदा तीच बघत होती. बघत होती म्हणजे काम ती करायची आणि चुका बाबा काढायचे.

या घराचं वायरिंग बाबांच्या हातचं. सगळं भिंतीच्या आत. वितभर वायर बाहेर शोधून सापडायची नाही. मुख्य बोर्डातून एक जाडसर न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, स्वयंपाकघरातल्या बॉक्सपर्यंत आणला होता आणि तिथून साऱ्या घराला वाटला होता. वायर वाचवणं हा त्यांच्या काळी मोठा गुण होता, आणि बाबांइतकी वायर कुणीच वाचवली नसेल.

घरही वायरिंगसारखंच, सगळ्यांचं सगळं एकात एक. कपाट एक, टेबल एक, खिडकीजवळचा पलंग एक. एक तीळ सात जणांनी वाटून खावा अशी शिकवण होती. तीळ मात्र दर वेळी थोरलीच्या वाट्याचा निघायचा. धाकटी जन्मली तेव्हा खिडकीजवळचा पलंग तिला मिळाला तो कायमचाच. टेबल धाकटीच्या हत्यारांना गेलं आणि थोरली ओट्याशी उभी राहून वह्या तपासू लागली. तिने कधी कुरकुर केली नाही, म्हणून कुणी कधी विचारलंही नाही. अशी माणसं घरात असली की बाकीच्यांना आपण फार समजूतदार आहोत असं वाटू लागतं.

मग थोरलीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी हॉस्पिटल. जायचं, नंबरासाठी थांबायचं, खुर्चीत हात लांब करून बसायचं, घरी येऊन आडवं व्हायचं, की दिवस संपला. शाळेने बरेच महिने सांभाळून घेतलं. शेवटी मुख्याध्यापिकेने बोलावून सांगितलं, की नव्या सत्रापासून रोज येणार असाल तर जागा तुमची, नाहीतर दुसरं कुणी बघावं लागेल. बाई वाईट नव्हती. वर्गाला रोज शिक्षक लागतो, त्याला ती तरी काय करणार.

अशात हॉस्पिटलमधून फोन आला. घरी वापरायला देतात त्यातलं एक मशीन मोकळं झालं होतं. कसं मोकळं झालं ते कुणी विचारलं नाही. मशीन घरी आलं असतं तर थोरली दिवसा शाळेत शिकवून संध्याकाळी घरीच डायलिसिस करू शकली असती. म्हणजे शाळा राहिली असती, आणि शाळेबरोबर थोरलीही बरीचशी पहिल्यासारखी राहिली असती.

हॉस्पिटलचा टेक्निशियन घर बघून गेला. सडपातळ माणूस, शब्द मोजून वापरणारा.

“मशीनला बोर्डापासून सरळ वेगळी लाईन पाहिजे,” तो म्हणाला. “तिचा स्वतःचा फेज, स्वतःचा न्यूट्रल, स्वतःचं अर्थिंग, स्वतःचा सेफ्टी स्विच. तिच्यावर दुसरं काही चालवायचं नाही. मोबाईलचा चार्जरही नाही. गुरुवारी दुपारी तपासायला येतो. पास झाली तर मशीन तुमचं. नाहीतर यादीत तुमच्यामागे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी लाईन तयार आहे.”

“एवढं सगळं माझ्या एकटीसाठी?” थोरलीने विचारलं. तिला खरोखरच अवघडल्यासारखं झालं होतं.

“मशीनसाठी,” टेक्निशियन म्हणाला, आणि चपला घालून गेला.

धाकटीच्या साइटवर स्लॅब ओतायचा होता. त्याआधी पाइप टाकून व्हायला हवे होते, त्यामुळे बुधवारपर्यंत तिला हलता येत नव्हतं. “मी ओढतो लाईन,” बाबा म्हणाले. “शिडी चढायची नाही, काही नाही. माझ्याच घरात मला कोण अडवतंय?” धाकटी म्हणाली, “फेज-न्यूट्रलची जोडी बोर्डापासून ओढा हं, बाबा.” त्यावर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती डबा उचलून साइटवर गेली.

बुधवारी संध्याकाळी ती परतली तेव्हा काम झालं होतं, आणि देखणं झालं होतं. थोरलीच्या खोलीत नवा प्लगबोर्ड, बोर्डात नवा सेफ्टी स्विच, मधे भिंतीवर ओरखडासुद्धा नाही. बाबा खुर्चीत पाय लांब करून बसले होते. आईने कौतुकाने चहा केला होता. धाकटीने मशीनच्या जागी इस्त्री लावली आणि बटण दाबलं.

खट्. बोर्डातला सेफ्टी स्विच पडला.

तिने वर केला. पुन्हा इस्त्री, पुन्हा खट्. मग किटली लावून बघितली. ये रे माझ्या मागल्या.

“स्विच खराब दिलाय दुकानदाराने,” बाबा म्हणाले. “हल्लीचे हे स्विच नुसते शिंकलं तरी पडतात.”

हा स्विच म्हणजे संशयी पहारेकरी. फेजमधून गेलेला करंट सगळाच्या सगळा आपल्याच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच तो बघत बसतो. कमी आला की त्याला वाटतं मधे कुठेतरी माणूस चिकटला, आणि तो लाईन तोडून मोकळा होतो. इथे करंट जात होता नव्या लाईनने आणि परत येत होता भलत्याच वाटेने. धाकटीला ते कळायला वेळ लागला नाही. बाबांच्या हाताखाली शिकलेली पोर, त्यांच्या खोडी तिला पाठ होत्या.

“न्यूट्रल कुठून घेतलात?”

“न्यूट्रल तो न्यूट्रल. कुठूनही घेतला तरी शेवटी बोर्डातच जातो.”

“बाबा, कुठून घेतलात?”

बाबांनी चहाचा घोट घेतला. “स्वयंपाकघरातल्या बॉक्समधून. पाइप भरलाय पूर्ण. फेज आणि अर्थिंगची वायर कशीबशी गेली, तिसरीला वायर ओढायची स्प्रिंगच सरकेना. मग काय भिंत फोडू? आयुष्यभर असंच केलं. एक घर दाखव बंद पडलेलं.”

घोडं पेंड खात होतं ते इथे. तो पाइप बाबांनीच एकेकाळी काटकसरीने बारीक टाकला होता आणि त्यात सारं घर कोंबलं होतं.

“हा स्विच काढ, साधा बसव,” बाबा म्हणाले. “मग बघ कशी मुकाट्याने चालते.”

आणि ती चालली असती, हेच तर वाईट होतं. साधा स्विच काही विचारत नाही. एक दिवस स्वयंपाकघरातल्या वायरिंगला काही झालं असतं आणि इकडे थोरलीचं रक्त नळीत असताना मशीन थांबलं असतं.

“नाही,” धाकटी म्हणाली. “नवी जोडी ओढते. भिंतीवरून, पट्टीत घालून.”

पट्टी म्हणजे ती प्लास्टिकची पांढरी, वरून झाकण बसणारी. भाड्याच्या दुकानांत असते तशी. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “माझ्या घरात? बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर? लोक म्हणतील मेन स्विचला म्हातारपणी वायर लपवता येईना. माझ्या भिंतीवर पट्टी लागणार नाही.” रागाच्या भरात आपण आपलं टोपणनाव घेतलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आवाज ऐकून थोरली दारात आली. दुपारीच हॉस्पिटलमधून आली होती, चेहरा मातकट झाला होता. “भांडू नका गं,” ती म्हणाली. “मला सवय झालीये जाण्यायेण्याची. ते मशीन त्या गृहस्थांना मिळू दे. त्यांनाही गरज असेलच ना.”

बाबांवरचा धाकटीचा राग त्या क्षणी सगळा बहिणीकडे वळला.

“ताई, तू गप्प बस,” ती म्हणाली. असं ती थोरलीशी कधीच बोलली नव्हती. “पलंग दिलास, टेबल दिलंस, आता हेही देऊन टाक. वर्गातली पोरं तुझी वाट बघतायत आणि तू इथे लोकांची सोय बघतेस. जन्मात एक गोष्ट तरी स्वतःची म्हणून घे. तुला नको असेल तर राहिलं, मला हवीये. मला माझी बहीण हवीये.”

 थोरली भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने पदराने डोळे पुसले. धाकटीला वाईट वाटलं, पण तिने एक शब्द मागे घेतला नाही.

“पट्टी लागणार,” ती बाबांना म्हणाली. “उद्या सकाळी.”

सकाळी तिने ठेकेदाराला फोन करून सांगितलं, की तिचे पाइप टाकून झालेत पण बॉक्स एकदा तपासायचे राहिलेत, तेव्हा आज स्लॅब ओतू नका. ठेकेदाराने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला, फोन ठेवला आणि ड्रिल काढलं.

बाहेरच्या खोलीत आई काचेच्या कपाटातल्या कपबश्या एकेक करून टोपलीत ठेवत होती.

“हे काय?”

“कपाट सरकवायचंय ना तुला,” आई म्हणाली. “धूळ बसेल कपांवर.” संसारात तिने मेन स्विचच्या शब्दाबाहेर पाऊल टाकल्याचं धाकटीला आठवत नव्हतं. आईने मात्र यात विशेष काही केलंय असं तोंडावर दाखवलं नाही. टोपली आत ठेवून आली आणि कपाटाच्या एका बाजूला खांदा लावून उभी राहिली.

बाबा खुर्ची फिरवून, भिंतीकडे पाठ करून पेपर वाचत होते. धाकटीने भोकं पाडली, स्क्रू पकडायला त्यांत गिट्ट्या ठोकल्या, बोर्डापासून दारावरून पट्टी नेली. विटकरीचा लाल भुगा त्यांच्या डोक्यावर उडाला तरी त्यांनी मान हलवली नाही. पानही उलटलं नाही. लांब भिंतीवरची पट्टी लावताना धाकटी एकटी होती. एक टोक धरावं तर दुसरं खाली येत होतं. तिने हनुवटीने, कोपराने, जमेल तसं दाबून स्क्रू बसवायला घेतला.

“उजवीकडे उतरतीये,” बाबा म्हणाले.

“तुम्हाला पाठीमागून दिसतंय का?”

“समोर सरकवलेल्या काचेच्या कपाटात दिसतंय. बोटभर उतरतीये.”

खरंच उतरत होती. तिने स्क्रू सैल केला. बाबांनी पेपराची घडी घातली, उठले आणि उजवं टोक वर धरलं. डोक्यातला भुगा तसाच. “मार आता,” म्हणाले. पुढचे सगळे तुकडे त्यांनी धरले, मापं सांगितली, दोनदा तिच्यावर खेकसले. स्वयंपाकघरातून घेतलेला न्यूट्रल स्वतःच्या हाताने सोडवून त्यांनी वायरीचं टोक बंद केलं. ‘माझं चुकलं’ हे मात्र तोंडातून निघालं नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. धाकटीला त्याची गरजही नव्हती. तिला सरळ लागलेली पट्टी हवी होती.

टेक्निशियन सांगितल्या वेळेला आला. त्याने घरातले बाकीचे सगळे स्विच पाडले. थोरलीच्या खोलीतला प्लग चालू राहिला. मग फक्त तिचा पाडला; घर चालू राहिलं, प्लग बंद. मग मीटर लावून दोन्हींचे न्यूट्रल कुठे एकमेकांना भेटतात का ते बोर्डातून शोधत बसला. धाकटीने स्वतः ओढलेली लाईन, तरी ती त्याच्या मीटरवरून नजर काढेना. थोरली खोलीत पलंगावर बसून होती, जणू निकाल दुसऱ्याच कुणाचा लागणार होता.

शेवटी त्याने दारावरच्या पट्टीकडे बघितलं. “दिसते,” म्हणाला.

बाबा घसा खाकरून काही बोलणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, “दिसलेली बरी. कुणी खिळा मारणार नाही.” आणि कागदावर सही केली.

जायच्या आधी त्याने नव्या प्लगबोर्डावरच्या दुसऱ्या, रिकाम्या प्लगवर बोट ठेवलं. तो पुढेमागे मशीनच्याच जोडीला काही लागलं तर म्हणून होता. “हा मोह असतो,” तो म्हणाला. “घराघरात बघतो. सांभाळा.”

मशीन आलं. धाकटी हॉस्पिटलमध्ये जाऊन सगळं शिकून आली, कारण मशीन चालू असेपर्यंत कुणीतरी शेजारी बसावंच लागतं. सुई टोचायला थोरली स्वतः शिकली. पहिल्यांदा तिने सुई तशीच खाली ठेवली. मग आपल्यालाच रागावून पुन्हा उचलली. सत्र सुरू झालं आणि ती शाळेत जाऊ लागली. दमून यायची, पण येताना वह्यांचा गठ्ठा घेऊन यायची, आणि त्या वह्या आता टेबलावर तपासल्या जायच्या. धाकटीने हत्यारं खोक्यात भरून पलंगाखाली ढकलली होती.

बाहेरच्या खोलीत पाहुण्याने दारावर नजर टाकली की बाबा ताबडतोब सांगायचे, “धाकटीने केलंय.” यात कौतुक किती आणि तक्रार किती, ते समजायला मार्ग नव्हता.

टेक्निशियनचं म्हणणं मात्र खरं निघालं. रिकामा प्लग आणि रिकामी खुर्ची माणसाला बघवत नाही. आई एकदा मोबाईल घेऊन आली, आणि थोरलीच म्हणाली, “लाव की, मशीन आत्ता कुठे चालू आहे.” धाकटीने चार्जर उपटून आईच्या हातात दिला. दुसऱ्यांदा बाबांचा रेडिओ सापडला. तोही थोरलीच्याच परवानगीने. धाकटी चिडली तेव्हा थोरली ओशाळून हसली. “नाही म्हणायला जीभ वळत नाही गं,” म्हणाली. धाकटीला काळजी वाटू लागली. लाईन तिने ओढून दिली होती. ती राखायचं काम तिला जन्मभर करता येणार नव्हतं.

एका संध्याकाळी थोरली शाळेतून येऊन मशीनला लागली. धाकटी शेजारी स्टुलावर, मशीनवरचे आकडे बघत बसलेली. बाहेर आईची इस्त्री चालू, गिझर चालू, बाबांनी चहासाठी किटली लावलेली. अचानक स्वयंपाकघरातून तडतड असा आवाज आला, जळकट वास आला, आणि सारं घर अंधारात गेलं. खोलीतला दिवा गेला, पंखा हळूहळू थांबला.

मशीन चालू होतं. त्याच्या पडद्याचा निळसर उजेड थोरलीच्या हातावर पडला होता, आणि नळीतून रक्त फिरत होतं, मघा फिरत होतं तसंच. धाकटीने थोरलीचं दुसरं मनगट घट्ट धरलं होतं. ते तिला नंतर कळलं.

“काही नाही झालं,” थोरली तिला म्हणाली. “सोड, दुखतंय.”

बाबा टॉर्च घेऊन स्वयंपाकघरात गेले. स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग बॉक्सचं झाकण काढल्याचा. ते खोलीच्या दारात आले तेव्हा त्यांच्या बोटांना काजळी लागली होती.

“बॉक्समधला सांधा जळला,” ते म्हणाले. “न्यूट्रलचा.”

 बाबांचं ऐकलं असतं तर त्याच सांध्यावर काय चाललं असतं, ते तिघांनाही माहीत होतं. बाबांनी मशीनकडे बघितलं, मग नळीकडे, आणि नजर खाली घातली.

खाली बघतानाच त्यांनी काखेतली एक्स्टेन्शनची वायर पुढे केली. टोकाला बल्ब होता. “आत्ता नीट करतो. तुझी आई टॉर्च धरते ती नाचवते नुसती, मला वायर दिसत नाही. एवढा बल्ब लावतो तुझ्या त्या दुसऱ्या प्लगला. मिनिटभराचं काम.”

धाकटीने तोंड उघडलं आणि मिटलं. उत्तर तिने द्यायचं नव्हतं. बाबा थोरलीशी बोलत होते.

“नाही, बाबा,” थोरली म्हणाली.

आवाज चढवला नव्हता. वर्गात उभ्या राहिलेल्या मुलाला ‘बस’ म्हणावं, तेवढाच.

“अगं, एक बल्ब. त्याने काय होतंय?”

“कदाचित काहीच होणार नाही. तरी नाही. ही लाईन माझी आहे.”

बाबा वायर हातात घेऊन उभे राहिले. या घरात त्यांना ‘नाही’ ऐकायची सवय नव्हती, आणि थोरलीच्या तोंडून तर तो शब्द कुणीच ऐकला नव्हता. धाकटी मशीनवरचे आकडे बघायचं विसरली. आनंदाने की धास्तीने, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, “धरू का टॉर्च?” 

बाबांनी वायर हाताच्या पंजावरून कोपराला गुंडाळायला सुरुवात केली, एकेक वेढा, सावकाश.

“बरं,” ते म्हणाले. “सांधा सकाळी करतो.” तरी ते गेले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले. “मग तोवर इथे बसलो तर चालेल का तुला?”

“या ना,” थोरली म्हणाली, आणि पाय जवळ ओढून घेऊन तिने पलंगावर त्यांच्यासाठी जागा केली.